कुंडलिक शूटिंगवाल्याचा डावा डोळा

कळस गावच्या लग्नाची कॅसेट पोचवून तीन दिवस झाले नव्हते, तोवर नवरीचा भाऊ अविराज बारामतीत कुंडलिकच्या दुकानात येऊन उभा राहिला. कॅसेट त्यानं टेबलावर ठेवली, म्हणजे जवळजवळ आपटलीच.

"शूटिंगवालं, लग्न कुणाचं हुतं?"

"तुमच्या ताईचं की."

"मग आमची चुलत भन रोहिणी सारखी मधी मधी का येती? आईनं घड्याळ लावून बघितलंय. नवरी सात मिंटं, रोहिणी नऊ मिंटं. आन दाजी तर हळद लागल्यावर जे गायब झालं, ते डायरेक पंगतीतच घावलं!"

कुंडलिक हा एरवी तोंडाचा फाटका माणूस. गिऱ्हाईक एक बोललं की हा चार सुनावणार. कुणी 'काय रे शूटिंग' म्हणालं तर 'अहो म्हणा, नायतर सोताच्या लग्नाचा फोटो सोता काढा' म्हणणारा. पण त्या दिवशी त्याची जीभ टाळ्याला चिकटली. थोडा वेळ त्यानं कॅमेऱ्याची वायर उगाचच गुंडाळली, उलगडली आणि म्हणाला, "फोकस अडकला हुता."

अविराजला गाड्यांचं लई वेड. त्यानं लगेच मान डोलवली. "असं हुतं कधी कधी. आमच्या यामाहाचा क्लच बी अडकतो."

एवढ्यावर भागलं. कुंडलिकनं कॅसेट नव्यानं जुळवून दिली. नवरीला वाढवलं, दाजींना शोधून काढलं. रोहिणीची नऊ मिनिटं मात्र त्यानं पुसली नाहीत. वेगळ्या कॅसेटवर उतरवली आणि वर चिठ्ठी लावली : 'नमुना. गिऱ्हाइकाला दाखवू नये.'

ही चौऱ्याण्णव सालची गोष्ट. कुंडलिक मूळचा कन्हेरीचा. बापानं मेंढरं विकली तेव्हा एका भावानं विहिरीत हिस्सा घेतला, दुसऱ्यानं म्हशी घेतल्या. कुंडलिकनं आपल्या वाटणीतून जुना, खांद्यावर घ्यायचा व्हिडिओ कॅमेरा आणला. भावकी हसली. "हा आता रोज दुसऱ्याच्या लग्नात जेवणार," म्हणाली. खरंही होतं ते. सव्वीस वर्षांच्या त्या माणसानं दीडेकशे लग्नं पाहिली होती, आणि त्याचं स्वतःचं लग्न व्हायचं काही चिन्ह नव्हतं. लोकांना शूटिंगवाला लागतो मांडवात. जावई म्हणून लागतो कारखान्यात पर्मनंट असलेला. मग तो तिथं दिवसभर नुसता स्टुलावर बसून का असेना!

रोहिणी आजवर त्याच्याशी एकच वाक्य बोलली होती. त्याच लग्नात. "ओ शूटिंग, लाईट डोळ्यावरनं काढा की." बास. या एका वाक्यावर कुंडलिकनं मनात दोन खोल्या, न्हाणीघर आणि पुढं अंगण बांधून टाकलं होतं. शिवाय चौकशीही करून ठेवली होती. तिचं आणि त्याचं देवक वेगळं. म्हणजे समाजाच्या हिशेबानं सोयरीक जुळायला काही हरकत नव्हती. हरकत होती ती फक्त बोलायची. आणि तेवढंच त्याला जमत नव्हतं.

त्याला वाट दाखवली ती बिरदेव तात्यांनी. तात्या म्हणजे जत्रेतल्या तंबू-सिनेमाचे जुने ऑपरेटर. तंबू कधीच मोडला, पण ट्रंकेत एक मुका प्रेमाचा पिच्चर राहिला होता. सुरुवातीचा तुकडा तुटलेला, त्यामुळं नाव कुणालाच माहीत नाही. एक नावाडी आणि एक धोबीण. कुंडलिक लहानपणी तात्यांच्या मशिनशेजारी बसून तो कितीदा तरी पाहून होता.

नऊ मिनिटांची भानगड ऐकल्यावर तात्या बिडी विझवून म्हणाले, "ती धोबीण आठवती का? तिला नीट रडता येत न्हाय. हसली तर वाटतंय दात दुखतोय. मग डायरेक्टरनं तिला का घेतली?"

"का?"

"आरं, नावाडी मधल्या धारेत बुडाया लागलाय, आन कॅमेरा हिच्या कपाळावरच्या बटेवर! का, तर पिच्चर काढणारा हिच्यावर भाळलेला. नावाडी मेला तर मेला! पिच्चरात कुणाला घेतलंय ते बघू नगं कुंडलिक, का घेतलंय ते बघ."

कुंडलिक घरी गेला तो हे वाक्य खिशात घालूनच.

कळसच्या बिरोबाच्या जत्रेत आदल्या वर्षी ऑर्केस्ट्रा आणला होता. तिसऱ्या गाण्याला खुर्च्या उडाल्या, पाचव्याला पोलीस आले. यंदा काय आणायचं यावर देवळात बैठक बसली. कुंडलिक आगाऊच तिथं जाऊन बसला होता. त्यानं हात वर केला. "आपल्याच गावाचा पिच्चर काढू. धनगराच्या पोराची आन माळ्याच्या पोरीची गोष्ट. धनगर माळ्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवाया येतो, तितं त्यांचं मन जुळतं."

पंचमंडळींच्या भुवया चढल्या. मधोमध झुंबर आबा बसले होते, रोहिणीचे वडील. पन्नास वर्षं मेंढरांमागं फिरलेला माणूस. आता पाटाचं पाणी आलं म्हणून ऊस आणि वांगी करत होता. पण चाल अजून कळपाच्या पुढं चालल्यासारखी.

"त्यात गाणी असत्याल?"

"न्हाय आबा."

"घाण घाण बोलणं?"

"बोलणंच न्हाय. मुका पिच्चर."

खरं म्हणजे कॅमेऱ्याचा माईक फेब्रुवारीतल्या एका वरातीत नवरदेवाच्या घोड्यानं पाय देऊन चेचला होता. लग्नाच्या कॅसेटवर कुंडलिक गाणी चढवून द्यायचा, त्यामुळं कुणाला पत्ता लागला नव्हता. पण पंचांना कल्पना पसंत पडली. बोलणंच नाही तर भांडण कसं होणार?

"हिरवीण कोन?" आबांनी विचारलं.

कुंडलिकच्या कपाळावर घाम आला. "बारावी शिकल्याली पायजे. धीट पायजे. म्हंजी... तुमची रोहिणी चालंल."

आबांनी मांडी बदलली. "आन हिरो?"

"हिरो..." कुंडलिकनं शर्टाची कॉलर सारखी केली. "गरज पडली तर मी सोता उभा ऱ्हातो."

आबांनी त्याच्याकडं नीट पाहिलं. बाजारात मेंढरू पारखावं तसं. "तुझं देवक कंचं रं?"

कुंडलिकनं मोठ्या अभिमानानं सांगितलं.

"आमचं येगळं," आबा म्हणाले. "म्हंजी तू हिरो व्हायचा न्हाईस. पिच्चर प्रेमाचा हाय ना? मग हिरो आन हिरवीण येका देवकाची पायजेत. भाऊ-भन. मग बघू दे येकमेकांकडं किती बघायचं ते!"

सगळ्या देवळानं माना डोलवल्या. असा न्याय दहा गावांत कुणी दिला नसता. ज्या वेगळ्या देवकाच्या भरवशावर कुंडलिक महिनाभर स्वप्नं पाहत होता, त्याच देवकानं त्याचा हिरो काढून घेतला. हिरो झाला अविराज. वर आबांनी आपली थोरली बहीण फुलाबाई राखणीला लावून दिली. "आक्का, हिरोवर ध्यान ठेव," एवढंच तिला बजावलं.

शूटिंग आबांच्या रानात सुरू झालं. फुलाबाई बांधावर टकळीवर लोकर कातत बसायची. कोकणातून परतलेला एक कळप दिवसाच्या बोलीवर आणला होता. मेंढरांना कॅमेऱ्याची भीती नव्हती, वांग्यांची ओढ होती. नायिकेच्या पाटीतली वांगी तर त्यांनी खाल्लीच. पण 'दुसरा दिवस उजाडला' असं खडूनं लिहून ठेवलेल्या पाटीचा दोरही खाल्ला.

खरा घोळ पहिल्या प्रेमाच्या नजरेला झाला. अविराजला सांगितलं, "हिच्याकडं जीव लावून बघ." त्यानं रोहिणीकडं पाहिलं आणि खाली बसून पोट धरून हसायला लागला. "दर वर्षी राखी बांधती रं ही मला! मागच्या वर्षी तर मी हिला शेणात पाडली हुती!"

रोहिणीही हसली. कुंडलिकला संताप आला. "हसायला तमाशा हाय का ह्यो? आविराज, खरं सांग, तुला जगात सगळ्यात काय आवडतं?"

अविराज विचारात पडला नाही. "आपली यामाहा."

कुंडलिकनं यामाहा रानात आणायला लावली आणि रोहिणीच्या मागं, कॅमेऱ्यात येणार नाही अशा बेतानं उभी केली. अविराजनं तिच्यावरून पलीकडं पाहिलं. आणि काय सांगावं! डोळे ओले, ओठ अर्धे उघडे, छाती वरखाली. बांधावरून फुलाबाई म्हणाली, "बया, पोरगं खरंच पागल झालं की!"

मग कॅमेरा रोहिणीकडं वळला. तीन आठवडे शूटिंग चालणार होतं, आणि रोज सकाळी एम-ऐंशी गाडीवरून येताना तो ठरवायचा, आज बोलायचंच. मनात सगळं तयार असायचं. रानात पोचलं की तोंडातून निघायचं ते, "जरा उजवीकडं सरका."

"तुमच्यासाठीबी काय तरी आणून ठेवू का?" त्यानं विचारलं. "आविराजच्या मागं. तुमाला काय आवडतं?"

रोहिणीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "काय नगं. तुमी हाय तितंच उभं ऱ्हावा. हलू नगा म्हंजी झालं."

कुंडलिकला वाटलं, पोरगी हुशार आहे. एका जागी नजर ठेवायला खूण हवी असते, हे तिला न शिकवता कळलं. त्यानं कॅमेरा उजव्या खांद्यावर घेतला, उजवा डोळा भिंगाला लावला. डावा नेहमीसारखा उघडा. "कॅमेऱ्यात तेवढं बघू नगा. लग्नातली माणसं बघत्यात तसं."

"कॅमेऱ्यात न्हाय बघत," ती म्हणाली.

आणि बघितलं तिनं. भिंगातून ते पाहताना कुंडलिक 'हलू नगा' हे साफ विसरला आणि तो शॉट हलला. बांधावरच्या फुलाबाईची टकळी तेवढा वेळ फिरायची थांबली. पण कुंडलिकचं लक्ष तिकडं कशाला असेल?

शेवटचा शॉट फुलाबाईनंच सुचवला. धनगराच्या राहुटीत बाई हाक मारत बसत नाही. माळ मोठा, वारा उलटा, हाक पोचते कुठं? काठीवर घोंगडं टांगून काठी उभी करायची. गडी दोन कोसांवरून बघतो आणि समजतो : भाकरी तयार आहे, ये. म्हणून पिच्चरच्या शेवटी नायिका पाटाच्या अलीकडं काठीवर घोंगडं टांगते, आणि पाणी तुडवत नायक येतो. फुलाबाईनं रोहिणीला काठी कशी रोवायची ते दाखवलं. "घट्ट रोव. येकदा टांगल्यालं घोंगडं बाई माघारी घेत न्हाय."

त्याच दिवशी सामान आवरताना अविराज सहज बोलून गेला, "बरं झालं, येळेत संपलं. जत्रंच्या दुसऱ्या दिवशी रोहिणीची सुपारी फुटायची हाय. सणसरचं दादासो यायच्यात, पुतण्यासाठी. पोरगा कारखान्यात पर्मनंट."

कुंडलिकच्या हातून कॅसेटचा डबा सुटला. मेंढरं बिचकून पळाली.

दोन व्हीसीआर जोडून तो दुकानात पिच्चर जुळवायला बसला, तेव्हा त्याला आणखी एक गोष्ट दिसली. अविराज उभा पडद्याच्या उजव्या अंगाला. आणि प्रेमाच्या प्रत्येक नजरेत रोहिणी बघते डाव्या अंगाला! एकदा नाही, दोनदा नाही. सगळीकडं. त्यानं कॅसेट मागं घेतली, पुढं नेली. कपाळाला हात लावला. कोणत्या बाजूला उभं राहायचं हे दीडशे लग्नं करून आपल्याला कळू नये?

मग त्याच्या डोक्यात दुसराच विचार आला. पोरगी तिरळी तर नाही? थोडीशी?

एवढा चलाख माणूस. बाजारात कुणी खोटी कॅसेट विकली तर वासावरून ओळखणारा. पण इथं त्याच्या अकलेनं पार बैठक मारली. अर्धा तास त्यानं विचार केला आणि ठरवून टाकलं : असेल तिरळी तर असू दे. आपल्याला चालती. चालायला उरलंय काय म्हणा, सुपारी तर दुसऱ्याची फुटणार!

त्या आठवड्यात गावाला लाईट दिवसाची होती. त्यामुळं पिच्चर लागला तो भर दुपारी, बिरोबाच्या सभामंडपात. दारं-खिडक्यांवर घोंगड्या टांगून अंधार केला. दोन रंगीत टीव्ही, मध्ये व्हीसीआर, शेजारी कुंडलिक. बिरदेव तात्या मुद्दाम बारामतीहून येऊन खांबाला टेकून बसले. पहिल्या रांगेत झुंबर आबा, त्यांच्या शेजारी फेटा बांधलेले, जत्रेसाठी एक दिवस आधीच आलेले सणसरचे दादासो. खिशात सुपारी. मुका पिच्चर म्हणून कोपऱ्यात सोनबा ढोल घेऊन बसला होता.

लोकांनी पिच्चर डोक्यावर घेतला. स्वतःचं रान, स्वतःची विहीर टीव्हीत बघून बायका एकमेकींना कोपरं मारत होत्या. अविराजनं पहिली नजर टाकली तशी पोरांनी शिट्ट्या मारल्या. सोनबानं ढोल घुमवला. मग रोहिणीचा चेहरा आला, टीव्हीभर. सोनबा तो बघता बघता वाजवायचा विसरला. सगळा मंडप गप्प.

आणि त्या शांततेत दादासो आबांच्या कानाला लागून जे म्हणाले, ते शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. मुक्या पिच्चरचा हा तोटा.

"आबा, पोरगी जरा तिरळी हाय का ओ?"

"कोन म्हणतं?"

"आता बघा की. हिरो हिकडं, आन ही बघती तिकडं. घरी बघाया आलतो तवा मान खाली हुती. डोळं कुठं बघायला मिळालं?"

कुठून मिळणार? पोरगी बघायला आलेले लोक पाय बघतात, वेणी ओढून बघतात, 'चालून दाखव बाळ' म्हणतात, आणि तिनं मान वर केली की तिला आगाऊ ठरवतात. आपल्या पोराला 'ऊठ, जरा चालून दाखव' असं यांच्यातल्या कुणी आजवर म्हटलंय?

मंडपात कुजबुज पसरली. 'तिरळी... चकणी... आदी कसं कळलं न्हाय...' आबांची मान ताठ झाली. बायकांच्या बाजूच्या खांबाआडून रोहिणीनं पदर पुढं ओढला.

कुंडलिकच्या मनात त्या क्षणी काय आलं, ते त्यानं नंतर कुणापाशी लपवलं नाही. गप्प बस, असं आलं. दोन मिनिटं गप्प बस. दादासो उठतील, सुपारी जशी आली तशी सणसरला जाईल. तिरळी म्हणून बोभाटा झालेल्या पोरीला मग शूटिंगवाला पण चालेल.

पुढच्या क्षणी त्याची त्यालाच शिसारी आली. आणि शिसारी आली की कुंडलिकला राग यायचा, आणि राग आला की त्याला थांबवणारा अजून जन्मायचा होता.

"कोन म्हणतं तिरळी?" तो उभाच राहिला. "दादासो, तुमाला डोळं बघायचंत ना? बघा!"

त्यानं चालू पिच्चर बंद केला, कॅसेट बाहेर ओढली, पिशवीतून दुसरी काढली आणि व्हीसीआरमध्ये ढकलली. चिठ्ठी तशीच होती वर. बिरदेव तात्यांनी ती लांबून ओळखली. "मेलं पोरगं," ते पुटपुटले.

टीव्हीवर कळसचं लग्न सुरू झालं. पण त्या लग्नात नवरी नव्हती, नवरदेव नव्हता, भटजी नव्हता. रोहिणी हळद कालवताना. रोहिणी मुंडावळ्यांची गाठ दातानं सोडताना. जिलेबीच्या ताटाशी आलेल्या मांजराला हाकलताना. जांभई देताना. पंगतीत चुलत्याला आग्रह करताना. एकदा सरळ समोर बघून कपाळाला आठी घालून काहीतरी म्हणताना. आवाज नव्हता, पण कुंडलिकला पाठ होतं ते काय म्हणाली ते.

"बघा! हितं बघा! सरळ हायत का न्हाय? आता तिकडं बघती, सरळ! खाली बघती, सरळ! नऊ मिंटं हाय, बघा सगळी. कुठं तिरळी दिसली तर माझा कॅमेरा पाटात टाकतो!"

लोक बघत राहिले. पहिलं मिनिट डोळे बघत होते. दुसऱ्या मिनिटाला त्यांना वेगळंच कळायला लागलं. बायकांत खसखस पिकली. मागून कुणीतरी खाकरलं. तिसऱ्या मिनिटाला अविराज ताडकन उठला.

"फोकस अडकला हुता म्हणं! आरं, आमच्या ताईच्या लग्नात?"

मंडप असा हसला की वरची कबुतरं उडाली. कुंडलिकचा राग सर्रकन उतरला, आणि आपण काय करून बसलो ते त्याला आत्ता समजलं. त्यानं बटण दाबायला हात पुढं केला, पण बटणच सापडेना.

दादासो मात्र हिशेबी माणूस. ते गंभीरपणे म्हणाले, "डोळं सरळ हायती, कबूल. मग पिच्चरमधी ती कुणाकडं बघत हुती?"

"त्ये मला इच्यारा," मागून फुलाबाई म्हणाली. हातातली टकळी तिनं थांबवलीसुद्धा नाही. "तीन आठवडं बांधावर मी बसल्याली. हा शूटिंगवाला उजवा डोळा त्या डब्यात घालतो. डावा उघडा ऱ्हातो. पोरगी त्या डाव्या डोळ्याकडं बघत हुती. तिच्या जागी बसून बघा, नजर बरूबर तितंच जाती."

सगळ्या माना कुंडलिककडं वळल्या. कुंडलिकचा डावा डोळा विनाकारण मिटला आणि उघडला.

"आक्का!" आबा गरजले. "तुला राखणीला बसिवलं हुतं!"

"तू म्हणलास हिरोवर ध्यान ठेव. ठिवलं. त्यो बिचारा फटफटीवर जीव लावून बसला हुता. शूटिंगवाल्यावर ठेव असं कुठं म्हणलास?"

दादासो उठले. फेटा सारखा केला. माणूस वाईट नव्हता. "आबा, सुपारी माझ्या खिशात बरी हाय. उगं फोडली आसती तर पुन्ना जोडता आली नसती," म्हणाले आणि चपला शोधायला लागले.

आबा खांबाकडं वळले. आवाज खाली आला होता, म्हणून जास्त भीती वाटत होती. "रोहिणी, आत्या म्हणती ते खरं का? बोल."

रोहिणी उठली, माणसांतून वाट काढत दारापाशी गेली आणि दारावरची घोंगडी एका झटक्यात खाली ओढली. दुपारचं ऊन मंडपात घुसलं. टीव्ही फिका पडला, सगळे डोळे चोळायला लागले. भिंतीला पिच्चरमधली अविराजची काठी टेकवलेली होती. तिनं ती घेतली, घोंगडं टांगलं आणि दाराबाहेरच्या मातीत काठी रोवली. घट्ट. मग तिथंच उभी राहिली, मान वर करून. या वेळी कॅमेरा नव्हता, पण ती बघत होती त्याच जागी.

कुंडलिक जागचा हलला नाही. आता कळायला काय उरलं होतं? पण दीडशे लग्नं त्यानं कॅमेऱ्यामागून पाहिली होती. पुढं कसं जायचं असतं ते त्याला कुणी शिकवलं नव्हतं. तात्यांनी मागून ढोसलं, तरी ढिम्म.

झुंबर आबांनी घोंगड्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. त्यांचा जबडा आवळलेला होता. पन्नास वर्षं माळावर त्यांनी ती खूण पाहिली होती. भुकेनं, तहानेनं, पावसात, उन्हात. त्या खुणेला पाठ दाखवून दुसरीकडं जेवायला गेलेला धनगर त्यांनी पाहिला नव्हता. हळूहळू तो जबडा सैल झाला.

"आरं ये शूटिंग," ते म्हणाले, "उभा काय ऱ्हायलाईस खुंटावानी? घोंगडं टांगल्यावर आमच्यात कुनी दुसऱ्यांदा बोलवत न्हाय."

सोनबानं ढोलावर अशी थाप टाकली की व्हीसीआर बंद पडला.

पुढच्या वैशाखात लग्न झालं. कुंडलिकचा कॅमेरा बिरदेव तात्यांच्या खांद्यावर होता, आणि नवरदेव पाटावरून सारखा 'तात्या, डावीकडं घ्या' म्हणत होता. माईक अजून दुरुस्त केलेला नव्हता, म्हणून त्या कॅसेटलाही आवाज नाही. तात्यांनी नवरीला आणि नवरदेवाला अगदी सारखी मिनिटं दिली. अविराजच्या आईनं घड्याळ लावून खात्री केली.

सणासुदीला पाहुणे आले की अजूनही ती कॅसेट लागते. अंतरपाटापासून पंगतीपर्यंत कुंडलिकचा उजवा डोळा भिंगाला लावल्यासारखा बारीक आणि डावा टक्क उघडा आहे. सवय, दुसरं काय! नवखं कुणी असलं की हळूच विचारतं, "वहिनी, नवरदेव जरा तिरळं हायत का?"

रोहिणी चहा गाळता गाळता सांगते, "न्हाय ओ. कामावर हुते त्ये."